ओताच्या नावावरचा दुसरा कॉम्प्युटर

शुम्पेर्क, १४ सप्टेंबर २००९

प्रिय व्लास्ता,

शनिवारी तू ओताचा कॉम्प्युटर बंद केला होतास. नाही म्हणू नकोस, मला इथे बसून दिसतं. रोज सकाळी शाळेतली यंत्रं सांभाळायला जाण्याआधी कॉफी घेता घेता मी ‘मायाक’ या तारे शोधणाऱ्या प्रकल्पाची यादी उघडते. काल कुणाच्या कॉम्प्युटरने किती काम केलं, त्याचे गुण तिथे नावापुढे लिहिलेले असतात. माझ्या भावाच्या नावापुढे एरवी आठशे, कधी नऊशे. शनिवारी एकसष्ट.

हे सगळं तुला मी दोनदा समजावलंय. दोन्ही वेळा तू मान हलवलीस आणि बटाटे सोलायला वळलीस, म्हणून आता लिहूनच सांगते. ‘मायाक’ चालवणाऱ्या संस्थेच्या दुर्बिणीने आकाशातून जे टिपलंय ते इतकं अफाट आहे की ते चाळायला एकटा कुठलाच कॉम्प्युटर पुरा पडत नाही. म्हणून ते त्याचे छोटे छोटे गठ्ठे करतात आणि जगभरच्या घरांमध्ये पाठवतात. आपण कपडे वाळत घालत असतो, कॉम्प्युटर नुसता बसलेला असतो. त्या रिकाम्या वेळात तो गठ्ठा चाळतो आणि परत पाठवतो. हजारो-लाखोंतून एखाद्या गठ्ठ्यात नवा तारा निघतो. ज्याच्या नावावर निघाला त्याचं नाव छापून येतं. आमच्या ओताने आठ वर्षं त्या एका ताऱ्याची वाट पाहिली, आणि तू मशीन बंद करून ठेवतेस!

फेब्रुवारीत तो गेला तेव्हा आमच्या ‘मायाक’ संघाने काय केलं ते तरी आठव. संघातलं कुणी गेलं की आठवडाभर सगळ्यांनी आपापले कॉम्प्युटर त्याच्या नावावर राबवायचे (नुसतं जोडायला पासवर्ड लागत नाही), ही आमच्यातली रीत. मार्चमध्ये एकशे चाळीस माणसांनी ओतासाठी ते केलं. अशा माणसाचं मशीन घरात असणं ही जबाबदारी असते.

तेव्हा त्याच्या खात्याचा पासवर्ड मला पाठव. नाहीतर मशीनच पार्सलने पाठव. तुला यातलं काही कळत नाही, त्यात कमीपणा काही नाही. तुला ते कधीच कळलं नाही.

तुझी नणंद,
द्राहोमीरा

*

लितोमिश्ल, २० सप्टेंबर

प्रिय द्राहोमीरा,

तुझं पत्र पाहून आधी वाटलं, माझ्या वाढदिवसाचं उशिरा आलं. तीस ऑगस्टला असतो तो. एकसष्ट गुण तुला अठ्ठेचाळीस तासांत दिसले, माझी सत्तावन्न वर्षं काही दिसली नाहीत. असो.

शनिवारी मी अळंबी गोळा करायला जंगलात गेले होते. शुक्रवारी पाऊस झाला होता, अशा वेळी घरात कोण बसतं? निघताना कॉम्प्युटर बंद केला, कारण त्याचा पंखा घरघर करत होता आणि मला आगीची भीती वाटली. रविवारी शेजारच्या हिनेकनी तो उघडून रंगाच्या ब्रशने धूळ काढून दिली. मूठभर निघाली. एवढी वर्षं तुम्ही बहीणभाऊ आकाश झाडत होतात, पेटीच्या आत कुणी बघितलं नव्हतं वाटतं.

मशीन पाठवणार नाही. ते ओताच्या टेबलावर आहे आणि तिथेच राहील. मला गुणांतलं कळत नाही हे खरं, पण घरात पाऊल टाकलं की त्याचा आवाज येतो. तो आवाज मला कळतो.

आणि पासवर्ड ओताने मला दवाखान्यात असताना कागदावर लिहून दिला होता. आदल्याच दिवशी तू तासभर त्याच्यापाशी बसली होतीस. त्याला द्यायचा असता तर तुला दिला नसता का?

तुझी,
व्लास्ता

*

शुम्पेर्क, २ ऑक्टोबर

व्लास्ता,

तुझ्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी वाचलं आणि बाजूला ठेवलं. चिडले नाही. मी बसले आणि हिशेबाला लागले, जे मी तुझ्या लग्नाच्या आधीपासून करत आलेय.

ओताच्या खात्याला दोन कॉम्प्युटर जोडलेले आहेत. एक त्याचा, टेबलावरचा. दुसरा कुणाचा?

मला वाटायचं की शनिवार-रविवारी गुण घसरतात ते तुझ्या आळसामुळे. काल खात्याचं पान नीट उघडून पाहिलं. बाहेरच्या माणसाला तिथे फक्त मशीनची जात कळते, नाव नाही. नाव खात्याच्या मालकालाच दिसतं, म्हणजे आता तुलाच. पण मला कळलं तेवढं पुरे आहे. हा दुसरा मार्चमध्ये आला. ओताला जाऊन महिना झाला नव्हता, व्लास्ता! सोमवार ते शुक्रवार चालतो. शनिवार-रविवार शून्य. आणि जुलै-ऑगस्ट दोन्ही महिने पूर्ण शून्य. जुलैत तू कुठे होतीस? तलावावर, दहा दिवस. मला तसं कार्ड पाठवलं होतंस, बदकांचं. म्हणजे हे गृहस्थ आठवडाभर तुझ्याकडे ठाण मांडून बसतात, शनिवारी तुला जंगलात हिंडवतात आणि उन्हाळ्यात तलावावर नेतात. हातच्या काकणाला आरसा कशाला?

हिनेक म्हणे! पंख्यातली धूळ म्हणे!

मला तुझ्या भानगडीशी कर्तव्य नाही. तू विधवा आहेस, मोकळी आहेस. पण त्या माणसाने आपला कॉम्प्युटर माझ्या भावाच्या नावावर चालवावा हे मला सहन होत नाही. ओताच्या खुर्चीत बसला असेल, बसू दे. ओताच्या चपला घातल्या असतील, घालू दे. त्या नावाला हात लावायचा नाही. ते नाव तुझ्या घरात येण्याआधी वीस वर्षं माझ्या घरात होतं.

द्राहोमीरा

*

लितोमिश्ल, ११ ऑक्टोबर

प्रिय द्राहोमीरा,

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी ओताचा कागद शोधला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या खात्यात शिरले. तासभर लागला. तू म्हणतेस ते बरोबर आहे, दोन आहेत. दुसऱ्याचं नावही वाचलं.

आता काय लपवायचं? हो, आहे एक दुसरा. तुला त्याच्याबद्दल ऐकायचंच असेल तर ऐक. तरणाबांड नाही, चांगला जुना आहे, पण कामाला वाघ. सकाळी साडेसहाला सुरू होतो, दुपारी तीनला थांबतो, कुरकुर नाही. त्याच्या अवतीभवती कायम रश्शाचा आणि उकडलेल्या कणकेच्या गोळ्यांचा वास असतो. उन्हाळ्यात दोन महिने कुणाला तोंड दाखवत नाही. ओताच्या नावासाठी मात्र त्याने जीव ओतलाय, तेवढा मी आळशीने ओतला नसेल.

गंमत म्हणजे तू त्याला ओळखतेस. चांगली ओळखतेस.

नाव सांगणार नाही. तीस वर्षांत पहिल्यांदाच तुला माझा हेवा वाटतोय, चार दिवस मला त्याचं सुख घेऊ दे.

व्लास्ता

*

शुम्पेर्क, १९ ऑक्टोबर

श्रीमती व्लास्ता,

आपलं पत्र मिळालं.

आपण ज्या निर्लज्जपणे लिहिलंय त्याला उत्तर देण्याची माझी इच्छा नव्हती. पण ‘तू त्याला ओळखतेस’ हे वाचून मी गप्प बसू शकले नाही. माझ्या ओळखीचा, ओताच्या खात्याची माहिती असलेला, जुना, खादाड माणूस एकच: आमच्या संघाचा कप्तान राडोवान. मी त्याला फोन केला. सरळ विचारलं, “लितोमिश्लला कधीपासून जातोस?”

तो म्हणाला, “बाई, मी गुडघ्यामुळे जिना उतरून टपालसुद्धा आणत नाही.”

मी म्हटलं, “मग ओताच्या नावावर दुसरं मशीन कुणाचं?”

तर तो हसायला लागला. म्हणाला, “द्राहोमीरा, आधी आपल्या घरातली मशीनं मोज.” मी फोन आपटला. आता सगळ्या संघात बोभाटा होईल की द्राहोमीराला वेड लागलंय. ती कृपा आपली.

आता मला हेवा वाटतो म्हणता ना, तर ऐका. वाटतो. आज नाही, एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरपासून वाटतो. ओता नऊ वर्षांचा होता तेव्हा मी त्याला तारांना डाख देऊन जोडायला शिकवलं. आमच्या स्वयंपाकघरात दोघांनी मिळून रेडिओ केला. त्याची बोटं भाजली की आई मला मारायची. मग तो इंजिनियर झाला आणि दोन महिन्यांत आपल्याला घेऊन घरी आला. आपल्याला विजेचा दिवा आणि मेणबत्ती यातला फरक किमतीवरून कळत होता. तो आपल्याकडे ज्या नजरेने बघत होता तशा नजरेने त्याने माझ्या हातचं कुठलंही यंत्र कधी पाहिलं नाही. मी लग्न केलं नाही, त्याला कारणं दुसरी होती. पण भाऊ एकच होता, आणि तो आपण नेलात. निदान मेल्यावर त्याचं नाव तरी माझ्या वाट्याला येईल असं वाटलं होतं. तिथेही आपण माणूस आणून बसवलात.

दोन नोव्हेंबरला मृतांच्या दिवशी मी आमच्या घराण्याच्या कबरीवर मेणबत्ती लावायला नेहमीसारखी येईन. आपण अकराला येता, मी नऊला येईन. समोरासमोर येण्याची गरज नाही.

द्राहोमीरा

*

लितोमिश्ल, ९ नोव्हेंबर

प्रिय द्राहोमीरा,

तू मला ‘आपण’ म्हणालीस. ते वाचून मी पत्र टेबलावर ठेवलं आणि बराच वेळ घरातल्या घरात फिरत राहिले. तू मला आळशी म्हणालीस, अडाणी म्हणालीस, त्याने काही होत नाही, सवय आहे. पण ‘आपण’ म्हणजे दार लावून घेणं. म्हणून दोन तारखेला मीही नऊलाच पोचायचं म्हणून निघाले होते. पोचले तर तुझी मेणबत्ती पेटलेली होती आणि तू नव्हतीस. तू आठला आली असणार. मी नऊला येईन हे तू ओळखलंस. एवढं तू मला ओळखतेस आणि तरी त्या मशीनबाबत फसलीस.

आता खरं सांगते. गंमत फार लांबली, चूक माझी.

खात्यात शिरले तेव्हा दुसऱ्या कॉम्प्युटरचं नाव दिसलं: ‘शाळेची खानावळ, शुम्पेर्क’.

तुझा आहे तो. मार्चमध्ये ओताच्या आठवड्यात तू शाळेतले झाडून सगळे कॉम्प्युटर त्याच्या नावावर लावलेस ना? नंतर सगळ्यांनी आपापले काढून घेतले, तूही काढलेस. फक्त स्वयंपाकिणीच्या खोलीतला, जेवणाच्या चिठ्ठ्या छापणारा, तू विसरलीस. तो बिचारा तेव्हापासून रोज शाळा भरली की तुझ्या भावासाठी राबतोय. शनिवार-रविवार शाळा बंद, म्हणून शून्य. जुलै-ऑगस्ट सुटी, म्हणून शून्य. रश्शाचा वास मी मनचा लिहिला होता, पण खोटा नसणार. द्राहोमीरा, काखेत कळसा आणि गावाला वळसा! महिनाभर तू स्वतःच्याच मशीनवर जळत होतीस.

तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं, कारण हेवा काही तुझ्या एकटीच्या घरचा नाही. दर रविवारी दहा वाजता तू फोन करायचीस. तासभर तुम्ही दोघं आकड्यांमध्ये बोलायचात आणि ओता हसायचा. मी त्याच्याशी तीस वर्षं संसार केला. तो माझ्यासोबत सुखी होता, मला माहीत आहे. पण तसं हसताना तो फक्त तुझ्याशी बोलताना दिसला. मी बटाटे सोलत होते ते भूक लागली म्हणून नाही. उठून जायला काहीतरी हवं होतं.

आता मोठी गोष्ट. तीस ऑक्टोबरला ओताच्या नावाने संस्थेचं पत्र आलं. तारा सापडलाय. मी चारदा वाचलं. सतरा सप्टेंबरला एका गठ्ठ्यात निघाला. प्रत्येक गठ्ठा म्हणे दोन वेगवेगळ्या लोकांना पाठवतात आणि उत्तर जुळलं तरच धरतात. दुसरा जोडीदार उरुग्वेतला एक पाववाला आहे. आणि आपल्याकडचं मशीन ओताच्या टेबलावरचं नाही, खानावळीतलं आहे. तू विसरली नसतीस तर तो तारा तुझ्या स्वतःच्या नावावर निघाला असता.

प्रशस्तिपत्रावर आणि छापील लेखात कुठलं नाव घालायचं ते तीस नोव्हेंबरपर्यंत कळवायचंय. रकाना एकच आहे, नावही एकच मावतं. तो कोरा कागद आणि ओताने लिहिलेली पासवर्डची चिठ्ठी सोबत पाठवतेय. नाव तू भर. मशीन तुझं, खातं त्याचं, मला त्यात जागा नाही आणि मागायचीही नाही. तू स्वतःचं घातलंस तर मी कुणाला काही बोलणार नाही.

आणखी एक सांगायचंय, ते मात्र तुला गोड लागणार नाही. तुझा संशय मशीनबाबत चुकला, माणसाबाबत नाही. मार्चमध्ये काही नव्हतं, देवाशपथ. जुलैतही नव्हतं, तलावावर माझी मावशी होती. पण अळंबीच्या त्या शनिवारनंतर हिनेकनी विचारलं आणि मी हो म्हणाले. पंधरा तारखेला मी त्यांच्याकडे, चार घरं पलीकडे, राहायला जातेय. ओताचा कॉम्प्युटर मी त्या दिवशी सकाळी बंद करेन, पुसेन आणि झाकून ठेवेन. दुसऱ्याच्या घरात तो चालवणं मला जमणार नाही. तुला हवा असेल तर आता खुशाल घेऊन जा.

व्लास्ता

*

शुम्पेर्क, २९ नोव्हेंबर

प्रिय व्लास्ता,

तुझं पत्र मिळाल्यावर मी तडक खानावळीत गेले. स्वयंपाकीण म्हणाली, “बाई, हा मेला दिवसभर घोंघावतो, मी म्हटलं म्हातारा झालाय.” मी त्याच्यासमोर स्टुलावर बसले. तिने मला सूप दिलं, कारण माझा चेहरा पाहून तिला वाटलं घरात कुणी गेलं. राडोवानला फोन करून माफी मागितली. तो म्हणाला, मार्चमध्ये कुणी काय जोडलं आणि काढलं याची नोंद त्याच्याकडेच होती, त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पुरुषांना गप्प बसायचं नेमकं तेव्हाच सुचतं.

नावाचं सांगते. तुला वाटलं असेल मी लगेच ओताचं लिहिलं. नाही. मी आधी माझं लिहिलं. पेन्सिलने, पण लिहिलं. दोन दिवस तो कागद फ्रिजवर लावून ठेवला होता आणि येता-जाता वाचत होते. चांगलं दिसत होतं, खोटं कशाला बोलू. मशीन माझं, जोडलं मी, विसरलेही मीच. चाळीस वर्षं मी दुसऱ्यांची यंत्रं दुरुस्त केली, माझं नाव कुठे छापून आलं नाही. आणि ओतावरही राग आला. त्याला बायको मिळाली, मुलूखभर मित्र मिळाले, मेल्यावर तारासुद्धा मिळाला, तोही माझ्या हातून. तो जिवंत असता तर आम्ही यावरून कडाडून भांडलो असतो.

मग ती चिठ्ठी पाहिली. त्याचं अक्षर. आतापर्यंत उघडली नव्हती. व्लास्ता, पासवर्ड काय आहे ते तुला माहीतच आहे. तुझं माहेरचं नाव आणि तुमच्या लग्नाचं वर्ष. आठ वर्षं रोज तो आकाशाकडे जायचा ते आधी तुझं नाव टाइप करून. म्हणून तो तुला दिला. मला देऊन त्याचा काय उपयोग होता? मला ते वाचून आनंद व्हायला हवा होता, तसा झाला नाही. जळले. मग खोडरबर घेतला, माझं नाव पुसलं आणि शाईने ओताचं लिहिलं. काल पाठवलं. आता ते कुणालाच बदलता येणार नाही, मलाही नाही, म्हणून बरं.

कॉम्प्युटर मी नेणार नाही. तू झाकलास ते ठीक केलंस. हिनेकबद्दल मी काही म्हणत नाही. म्हणजे म्हणते आहे, पण या पत्रात नाही.

खरं म्हणजे हे पत्र मी दुसऱ्याच कारणासाठी लिहितेय. खानावळीतला मी ओताच्याच नावावर ठेवलाय, आणि रोज सकाळी कॉफी घेऊन यादी उघडते. पंधरा तारखेपर्यंत तिथे दोघं होते. तू कधी उठलीस, कधी बाहेर गेलीस, वादळ आलं म्हणून कधी बंद केलंस, मला सगळं कळायचं. कळायचं आणि मी चिडायचे, चांगला अर्धा तास जायचा. आता ओताच्या नावापुढे एकच मशीन आहे, आणि ते माझंच आहे. मी काल किती काम केलं ते मीच मला सांगते. शनिवारी शून्य, रविवारी शून्य. मला माहीत आहे ना शाळा बंद आहे.

हिनेककडे कॉम्प्युटर आहे का? असेल तर त्याला म्हणावं ओताच्या नावावर जोड. कसं करायचं ते सोबत लिहून दिलंय, चित्रांसह, तुलाही समजेल. त्याचा माझ्याहून नवा असणार, माझ्याहून जास्त गुण काढेल, आणि मी रोज सकाळी त्याच्यावर जळेन. जळू दे मला. पण शनिवारी तुम्ही जंगलात जाल तेव्हा तो बंद करू नका, चालूच ठेवा.

तुझी,
द्राहोमीरा